माप कोणाच्या हातात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



पैसा, श्रम आणि संपत्तीची वाटणी या तीन गोष्टींकडे समाजवादी विचार कसा पाहतो, यावर मी बोलावं असं सुचवण्यात आलं. मी काही अर्थशास्त्राचा माणूस नाही. बी. ए. झालो तोही मराठी विषय घेऊन, आणि लिहितो कविता. त्यामुळे मार्क्स काय म्हणाला आणि लोहिया काय म्हणाले हे त्यातल्या जाणकारांनी सांगावं. मी राहतो कर्जतला, उल्हास नदीच्या काठी, दहिवलीत. हा भाताचा मुलूख. इथे हा विचार ग्रंथातून येण्याआधी खळ्यावर आला. म्हणून मीही खळ्यावरूनच बोलणार आहे.

आज किलो आणि क्विंटल आहेत. देशात दशमान वजनं १९५८ पासून येऊ लागली. त्याआधी आपल्याकडे चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली असा हिशेब होता. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. माझे आजोबा मापारी होते. भात झोडून झालं, वारवून रास पडली की मापाऱ्याला बोलावणं यायचं. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, अशी रीत होती. लाभ, दोन, तीन, चार. मुसलमान मापारी काही ठिकाणी ‘बरकत’ म्हणायचे. शब्द वेगळा, भावना एकच. धान्य घरात येतंय, त्याची सुरुवात शुभ शब्दानं व्हावी.

पण आजोबा एक गोष्ट नेहमी सांगत. मापात दोन गोष्टी बघाव्यात. माप केवढं आहे ते, आणि शीग आहे की नाही ते. माप काठोकाठ भरून वर जो ढीग उभा राहतो, ती शीग. घेताना शीग लावून घ्यायचं आणि देताना वरून हात फिरवून द्यायचं, एवढ्या एका हालचालीत माणूस श्रीमंत होतो. पायली तीच, शेर तेच, कायदाही तोच. फरक फक्त हाताचा.

समाजवादाची मला जी समजूत आहे, ती एवढीच आहे. जगात श्रीमंत असावेत की नसावेत, सगळ्यांना सारखं मिळावं की कमीजास्त, हे प्रश्न मोठे आहेत. त्यावर वाद घालावेत. पण त्याआधीचा प्रश्न असा की, कष्टानं जे पिकलं त्याचं माप कोणाच्या हातात आहे? आणि ज्यानं पिकवलं त्याला ते माप दिसतं का?

आपल्याच जिल्ह्याचं घ्या. रायगडचं नाव तेव्हा कुलाबा होतं. अलिबाग, पेण, रोहे या बाजूला खोती होती. जमीन खोताची, कसणारं कूळ. पिकाचा अर्धा हिस्सा खोताला दिला तर अर्धेल, तिसरा दिला तर तिर्धेल. ऐकायला सरळ वाटतं. पण अर्धा म्हणजे कशाचा अर्धा? पीक शेतात उभं असतानाच खोताची माणसं येऊन अंदाज बांधत. त्याला अभावणी म्हणत. अभावणीत वीस मण लिहिलं आणि खळ्यावर पंधराच भरलं, तरी अर्धा हिस्सा विसाचाच. म्हणजे दहा मण खोताला, पाच कुळाला. कागदावर अर्धेल, प्रत्यक्षात दोन तृतीयांश. शिवाय वेठ होतीच.

आता पैशाचं पाहू. पैसा हेही एक मापच आहे, आणि त्यालाही शीग लावता येते. आमच्याकडे भाताचं एकच पीक. दिवाळीला घरात आलेलं धान्य जेमतेम होळीनंतर दोन-तीन महिने पुरायचं. आषाढात लावणी ऐन भरात आणि कणगी रिकामी. कामाला ताकद लागते नेमकी तेव्हाच घरात दाणा नाही. मग सावकाराकडून वाढीदिढीनं धान्य. मण घ्यायचं, दीड मण फेडायचं, चार-पाच महिन्यांत.

कोणी म्हणेल, मग धान्याऐवजी पैशात हिशेब केला असता तर? करून बघू. आकडे नुसते उदाहरणासाठी घेतो. समजा, आषाढात भाताचा भाव मणाला सहा रुपये आहे आणि कार्तिकात, सगळ्यांचं भात एकदम बाजारात आल्यावर, चार रुपये. सावकारानं एक मण भात दिलं आणि वहीत सहा रुपये लिहिले. व्याज एक पैही लावलं नाही असं धरा. कार्तिकात सहा रुपये उभे करायला किती भात विकावं लागेल? दीड मण. बिनव्याजी कर्ज आणि तरीही दिढी! यात सावकार खोटं बोललेला नाही, वही खरी आहे, बेरीज बरोबर आहे. फक्त घ्यायची वेळ त्यानं ठरवली आणि द्यायची वेळही त्यानंच ठरवली. गरिबाला थांबता येत नाही, ही त्याची सर्वांत मोठी गरिबी असते.

ही गोष्ट आमच्या भागात ज्या माणसानं ओळखली, त्याचं नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणतात. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानचा, नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले. वकिली करून सुखात राहता आलं असतं. पण डोंगराखालच्या शेतकऱ्यांची आणि आदिवासींची आषाढातली अवस्था त्यांनी पाहिली होती. बेचाळीसच्या आंदोलनाआधीच त्यांनी कर्जत भागात दोन कामं सुरू केली. एक, धान्यबँक. दुसरं, गावोगाव शाळा.

धान्यबँकेची कल्पना साधी आहे. सुगीत धान्य गोळा करायचं, कोठीत ठेवायचं आणि पावसाळ्यात ज्याला गरज त्याला सावकाराच्या दारी न पाठवता तिथून द्यायचं. यात कोणाचं काही हिसकावलेलं नाही. फक्त शेतकऱ्याला जे जमत नव्हतं, म्हणजे कार्तिकातून आषाढापर्यंत थांबणं, ते सगळ्यांनी मिळून जमवलं. आणि शाळा कशासाठी? अक्षरओळखीशिवाय वही वाचता येत नाही म्हणून. कोठी आणि शाळा ही मला एकाच कामाची दोन अंगं वाटतात. एकानं माप हातात येतं, दुसऱ्यानं ते वाचता येतं.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. भिवपुरीच्या वीजगृहातली वीज मुंबईच्या गिरण्यांना जात होती. आझाद दस्त्यानं १९४२ मध्ये त्या तारांचे मनोरे पाडले. पाणी सह्याद्रीचं, तारा भाताच्या खाचरांवरून गेलेल्या, आणि खाली घरात रॉकेलची चिमणी. वाटणीचा प्रश्न याहून उघड कुठे दिसणार? २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई तेव्हा तीस वर्षांचे होते. आम्ही दरवर्षी त्यांना फुलं वाहतो. मनोरे पाडणारे भाई सगळ्यांच्या लक्षात आहेत. कोठी भरणारे भाई जरा विसरले गेले आहेत.

ती कल्पना मात्र मेली नाही. पुढे आमच्याच तालुक्यात कशेळ्याला अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं आदिवासी वाड्यांसाठी धान्यबँकेचं काम केलं. राज्य सरकारनं १९७८ मध्ये आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना आणली. खावटी म्हणजे पावसाळ्यात खायला लागणारं धान्य. सरकारी योजनेला इतकं खरं नाव क्वचितच मिळतं.

आता जरा समुद्राच्या बाजूला जाऊ. १९३२-३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी तरुण मंडळी एकत्र होती. तिथे समाजवादाची चर्चा झाली आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष जन्माला आला. त्याच पिढीतले युसूफ मेहेरअली. ‘सायमन परत जा’ आणि ‘छोडो भारत’ या घोषणा त्यांच्या नावावर आहेत आणि ते १९४२ मध्ये मुंबईचे महापौर होते. त्यांच्या नावाचं केंद्र आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात ताऱ्याला आहे.

पण नाशिकच्या तुरुंगात ही चर्चा होत होती त्याच सुमारास अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकऱ्यांनी एक निर्णय घेतला. २७ ऑक्टोबर १९३३ची सभा. नारायण नागू पाटील नेते. पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. गिरणी कामगार संप करतो तेव्हा यंत्र बंद पडतं. शेतकरी संप करतो तेव्हा त्याचीच चूल बंद पडते. तरीही हा संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी लाकडं तोडून विकली, खाडीत मासे धरले, अर्धपोटी राहिले, पण नांगर लावला नाही. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ मध्ये पाटलांनी ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा आणि शेवटी १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. कसणारा जमिनीचा मालक मानला गेला तो या दिवशी. चरीच्या सभेपासून इथपर्यंत चोवीस वर्षं लागली.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतोय की, आज कोणी ‘समाजवाद’ म्हटलं की लोकांना वाटतं, श्रीमंताचं काढून गरिबाला वाटायचं. चरीच्या शेतकऱ्यानं कोणाचं काही मागितलं नव्हतं. आपण पिकवलेल्याचं माप आपल्यासमोर व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. १९४५ मध्ये डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर उठाव केला, तेव्हाही मागणी अशीच नेमकी होती. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. वजन ठरलेलं, दाम ठरलेला. त्या एवढ्या मागणीसाठी तलवाड्याला गोळीबार झाला.

आता श्रोत्यांपैकी काही जण म्हणतील, हे शेतीचं झालं. आम्ही नोकरदार माणसं, आमचा काय संबंध? संबंध आहे. मी नोकरी केली तेव्हा पगारपत्रकात एक छोटी कपात दिसायची, व्यवसाय कराची. आजही दिसते. तो कर १९७५ च्या कायद्यानं आला, रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला उतरली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीपासूनच मांडलेलं होतं की, काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी असावी. १९७७ मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारातून कर घ्यायचा, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि त्यातून खेड्यात मजुरी द्यायची. म्हणजे कर्जत लोकलमध्ये लटकत जाणारा कारकून कुठल्या तरी पाझर तलावावरच्या बाईच्या मजुरीत भर घालत होता. दोघांची कधी भेट झाली नाही. कोणी कोणाचे आभारही मानले नाहीत. मला त्यातलं हे आभार न मानणंच फार आवडतं.

याच धर्तीवर २००५ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला, वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. तो कसा चालेल यावर वाद होतील, व्हावेत. पण जुन्या मजुरांना विचारा, ते कलमांबद्दल बोलणार नाहीत, टेपबद्दल बोलतील. खणलेल्या खड्ड्याचं मोजमाप होतं, तेव्हा टेपचं दुसरं टोक कोणाच्या हातात असतं? मऊ माती, मुरूम, खडक, प्रत्येकाचा दर वेगळा. मुरूम खणला आणि पुस्तिकेत मऊ माती लिहिली, की मजुरी खाली. पुन्हा तीच शीग.

इथे माझ्या धर्माची एक गोष्ट सांगतो, कारण विषयाला ती लागू आहे. कुराणात ८३ वा अध्याय आहे, त्याचं नावच मापात खोट करणाऱ्यांवरून आहे. स्वतः घेताना पुरेपूर घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे, यांच्यावर तो अध्याय आहे. आजोबा ज्याला शीग म्हणत, तीच ही गोष्ट. जकात आपल्याला ऐकून माहीत असते. ठरावीक मर्यादेच्या वरची संपत्ती वर्षभर बाळगली, तर तिचा अडीच टक्के भाग गरिबांचा. पण शेतीच्या उत्पन्नाचा नियम फारसा कोणाला माहीत नसतो. पावसावर पिकलं तर दहावा हिस्सा द्यायचा, आणि पाणी ओढून, कष्टानं शेत भिजवलं तर विसावा. का? कारण तिथे माणसाचे श्रम जास्त आहेत. श्रम मोजले पाहिजेत, हे इतक्या जुन्या काळीही कोणाला तरी सुचलं होतं.

मात्र एक सांगतो. दान कितीही मोठं असलं तरी ते रास वाटून झाल्यावरचं असतं. मी बोलतोय ते रास वाटली जात असतानाचं. दहा पायल्या कमी मोजून एक पायली दान करणाऱ्याला पुण्य लागत असेलही. हिशेब मात्र नऊ पायल्यांचा उरतोच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. माप सावकाराच्या हातून सरकारच्या हाती गेलं की सगळं आलबेल झालं, असं नाही. सोव्हिएत रशियात १९३२-३३ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांकडून धान्य वसूल केलं ते समाजवादाच्याच नावानं, आणि युक्रेनमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. माप होतं, पण शेतकऱ्याला त्यावर बोलायची सोय नव्हती. आपल्याकडची सहकारी साखर कारखानदारी ही केवढी मोठी गोष्ट! प्रवरानगरला विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सामान्य शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केलं. पण पुढे ऊसपट्ट्यात ‘काटामारी’ हा शब्द रूढ झालाच ना? मालक शेतकरी, आणि काट्यावर आपल्याच उसाचं वजन त्याला संशयानं बघावं लागतं. तेव्हा माप सावकाराकडे असो, सरकारकडे असो की सोसायटीकडे, समोरच्याला ते बघण्याचा, वाचण्याचा आणि ‘थांबा, पुन्हा मोजा’ म्हणण्याचा हक्क नसेल तर शीग लागणारच. समाजवादाला लोकशाही लागते ती एवढ्यासाठी. एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे ही माणसं ‘लोकशाही समाजवाद’ असा जोडशब्द जन्मभर वापरत राहिली, तो काही शब्दांचा सोस म्हणून नव्हे.

आता शेवटी आजचं, आमच्या दारातलं. कर्जत-खालापूरमध्ये हिंडलात तर आता शेताचं माप खंडीत कोणी सांगत नाही, गुंठ्यात सांगतात. या जमिनीत भात किती होतं, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. बंगल्यांच्या कुंपणांच्या मध्ये कुठे तरी कातकऱ्यांची वाडी असते. अनेक वाड्या ज्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. दिवाळी झाली की या वाड्या ओस पडायला लागतात. बायकापोरांसह माणसं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जाताना उचल घेतलेली असते. ती फेडायची विटा पाडून, हजारी दरानं, नवरा-बायको मिळून. आठवड्याला खर्ची मिळते पोटापुरती. हिशेब होतो शेवटी. किती हजार विटा पाडल्या, अवकाळी पावसात किती भिजल्या, किती फुटल्या, खर्ची किती उचलली, सगळं एका वहीत. वही मालकाची. फिटलं नाही तर उरलेलं पुढच्या सालावर. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. इथे घाम वाळून सहा महिने होतात.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. कागदावर उचल ही वेठ नव्हे, आगाऊ मजुरी आहे. बरोबर. कागदावर अर्धेलही अर्धंच होतं. सगळेच भट्टीमालक लबाड असतात असं मी म्हणत नाही. त्यातले कितीतरी स्वतःच कर्जात असतात. पण अभावणी, दिढी, टेप आणि ही वही यांत मला एकच गोष्ट दिसते. काम करणारा एकीकडे, मोजणारा दुसरीकडे.

यावर मोठमोठे उपाय तज्ज्ञ सुचवतील. मी एक लहान उपाय सांगतो. आश्रमशाळेत शिकलेली एक तरी मुलगी आता बहुतेक वाड्यांत असते. तिच्या हातात दोन रुपयांची नव्हे, चांगली जाड पुठ्ठ्याची वही द्यावी. आईबापांनी आज किती विटा पाडल्या, खर्ची किती घेतली, हे रोज संध्याकाळी तिनं लिहावं आणि ओळीखाली दोघांची सही घ्यावी, मजुराची आणि मुकादमाची. पण त्यासाठी तिला भट्टीवर जावं लागू नये. ती शाळेतच राहायला हवी. म्हणून लिहायला वाडीतलं दुसरं कोणी तयार झालं तर उत्तम. नाही तर गावातल्या शिकलेल्या तरुणानं आठवड्यातून एकदा भट्टीवर जावं. दोन वह्या असल्या की माप दोघांच्या हातात येतं. मालक प्रामाणिक असेल तर त्याला दुसऱ्या वहीची भीती वाटायचं कारण नाही. आणि ज्याला ती वाटेल, त्याच्या भट्टीवर तर दुसरी वही हवीच.

समाजवाद याहून खूप मोठा आहे, मला मान्य आहे. पण भाई कोतवालांनी सुरुवात केली ती एका कोठीनं आणि शाळेच्या पाटीनंच. आपल्याला एका वहीनं करता येईल.